‘आज किती झाले?’ हा प्रश्न आधी थांबवा

प्रश्न : माझा मुलगा बीकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑगस्ट 2023 पासून शेअर्सची खरेदी-विक्री करतो. पहिलं वर्षभर चांगला नफा काढला, म्हणून मी ग्रॅच्युइटीतले 4 लाख त्याच्या हाती दिले. शिस्त राहावी म्हणून रोज जेवताना ‘आज किती झाले?’ असं विचारतो. हल्ली तो अडखळतोय. तेजी नीट ओळखायला शिकला तर पुढे जाईल, असं वाटतं. कॉलेज सोडून त्याला 60 हजारांच्या ट्रेडिंग कोर्सला घालू का? त्याच्या वहीची पानं सोबत पाठवतोय.
– एक निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : गुरुजी, कोर्सचं नंतर बोलू. आकडे दिसावेत म्हणून तुम्ही वहीची पानं पाठवलीत, पण माझी नजर अडकली ती नोव्हेंबर 2024 च्या एका पानाच्या समासात. तिथे पेन्सिलीने बारीक लिहिलंय : ‘स्टॉपलॉस काढला. बाबांना उद्या सांगेन.’ पुढच्या चार पानांवर तो ‘उद्या’ कुठेच नाही.

स्टॉपलॉस म्हणजे भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की शेअर विकला जावा म्हणून आधीच लावून ठेवलेली ऑर्डर. ती त्याने का काढली असेल? शेअर विकला गेला असता तर रात्री ताटावर तोट्याचा आकडा सांगावा लागला असता. न विकलेला शेअर मात्र ‘अजून तोटा झालेला नाही’ म्हणून चार दिवस लपवता येतो. तुम्ही शिस्तीसाठी विचारत होतात, हे मला पटतं. पण त्याच प्रश्नाने त्याची शिस्त मोडली, हेही स्पष्टच सांगते. 21 वर्षांच्या पोरावर वडिलांच्या आयुष्यभराच्या कमाईचं ओझं असेल, तर तो चार्ट बघत नाही, तुमचा चेहरा बघतो.

आता तेजीविषयी. ती ओळखता आली की पैसे मिळतात, हा समज मुळातून काढून टाका. तेजीची खूण सोपी आहे : प्रत्येक नवं शिखर आधीच्या शिखराच्या वर आणि प्रत्येक घसरण आधीच्या तळाच्या वर थांबलेली. पण ही शिखरं आणि तळ होऊन गेल्यावरच दिसतात. उद्याचं त्यातून काही कळत नाही. तुमच्या मुलाने सुरुवात केली तेव्हा निफ्टी, म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सचा निर्देशांक, 19 हजारांच्या आसपास होता. 26 सप्टेंबर 2024 ला तो 26,216 वर बंद झाला. त्या काळात घेतलेलं बरंच काही वर गेलं, त्यातला त्याचा हात किती हे कळायला मार्गच नव्हता. मग मार्च 2025 च्या सुरुवातीपर्यंत निफ्टी 22 हजारांजवळ उतरला. खरी परीक्षा इथे होती. आधीचा तळ तुटला की तेजीवर शंका घ्यायची आणि तोटा सोसून बाहेर पडायचं. याने वहीत लिहिलंय, ‘स्वस्त मिळतोय, अजून घेतले.’ आणखी एक आकडा ध्यानात ठेवा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअर्सच्या पुढच्या भावावर केलेल्या करारांमध्ये, उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले. त्याच तीन वर्षांत निफ्टी साधारण 14,700 वरून 22,300 वर गेला होता. बाजार वर जात असतानाच ही माणसं बुडाली. पुढे तो ऑप्शन्सकडे वळायचं म्हणाला, तर हे त्याला दाखवा.

म्हणून कॉलेज सोडायचं नाही, 60 हजारही भरायचे नाहीत. बाजारात नोकरी करायची असेल तर बीकॉम पुरं करून एनआयएसएमच्या (सेबीने उभारलेल्या प्रशिक्षण संस्थेच्या) परीक्षा द्याव्यात, पुढे सीए किंवा सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची पात्रता) आहेच. रिसर्च, ब्रोकरकडचं डीलिंग, जोखीम व्यवस्थापन, अशी कामं आहेत आणि त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार असतो.

उरलेली ग्रॅच्युइटी तुमच्या खात्यावर परत घ्या. ‘तुझ्यावर विश्वास नाही’ असं म्हणून घेऊ नका. ‘हे ओझं मी तुझ्यावर टाकायला नको होतं’ असं म्हणा. हे शब्द तुमच्याच तोंडून यायला हवेत. शिकण्यापुरते पाच-दहा हजार त्याचे त्याच्याकडे राहू देत, आणि त्यांचा हिशेब जेवताना विचारायचा नाही.

मग एखाद्या रविवारी ती वही घेऊन त्याच्या शेजारी बसा आणि नोव्हेंबरचं ते पान उघडा. त्याला जे तेव्हा सांगायचं होतं, ते त्याला सांगू द्या. मध्ये बोलू नका. आणि तिसऱ्या वर्षाचा परीक्षा फॉर्म भरलाय का, याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही. तो आजच बघा.