अलास्काच्या निर्जन भागात हनीमूनला जायचं असेल तर आखणी कशी करावी?

तुमच्या प्रश्नातून मला एवढं कळलं: लग्न मे महिन्यात आहे, जूनच्या मध्यावर दहा-बारा दिवस मोकळे आहेत, आणि तेवढ्यात डेनाली पर्वत, अस्वलं, ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) आणि 'जिथे दुसरं माणूस दिसणार नाही अशी एखादी जागा' असं सगळं बसवायचं आहे. तुम्ही स्वतः ट्रेकिंगवाले. होणाऱ्या बायकोने मात्र तंबूत एकही रात्र काढलेली नाही.

मी अलास्कातल्याच अँकरेज शहरात राहते. पाहुण्यांच्या अशा सहली आखून देणं हे आमच्या घरात दर उन्हाळ्याचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वाईट बातमी. जूनमध्ये ध्रुवीय प्रकाश दिसणार नाही. त्या दिवसांत इथल्या फेअरबँक्स शहरात सूर्य मावळतो तो जेमतेम दोन-अडीच तासांसाठी, आणि तेवढ्या वेळातही बाहेर पुस्तक वाचता येईल इतका उजेड असतो. अंधारच नाही तर आकाशात दिसणार काय? हे प्रकाश पाहायचे तर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यानंतर यायला हवं. लग्न झाल्या झाल्या निघायलाच हवं असं नसेल, तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पहिला आठवडा हाच काळ मी सुचवेन. टुंड्रा लालभडक झालेला असतो, रात्रीला रात्र म्हणता येते, आणि मुख्य म्हणजे डास ओसरलेले असतात. पाऊस जूनपेक्षा जास्त पडतो, हे मान्य. पण पावसावर रेनकोट आहे. जूनअखेरच्या डासांवर खरं तर काहीच नाही.

आता मुद्द्याचं. दोघांपैकी ज्याला कमी सोसवतं, त्याच्या मापाने सहल आखा. तुमची हौस बाजूला ठेवा असं मी म्हणत नाही. पण थंडीने कुडकुडत, तीन दिवस आंघोळीशिवाय, 'तुझ्यामुळे इथे आले' हे तोंडावर ऐकायचं नसेल, तर तिच्याशी आत्ताच नीट बोला. 'तुला निसर्ग आवडतो ना?' हा प्रश्न नको, त्याला सगळेच हो म्हणतात. रात्री दोन वाजता अस्वलांच्या मुलखात पन्नास पावलांवरच्या लाकडी संडासात जाशील का, असं विचारा. विमान आलं नाही आणि एक दिवस जास्त अडकलो तर चालेल का, तेही विचारा. उत्तरं आली की निम्मी आखणी झालीच म्हणून समजा.

बहुतेक जण सगळं थोडं थोडं पाहायला जातात आणि सुट्टी गाडीत घालवतात. डेनालीचंच बघा. त्या नावाच्या राष्ट्रीय उद्यानातला, म्हणजे पार्कमधला रस्ता 92 मैलांचा आहे, पण खासगी गाडी पहिल्या 15 मैलांपर्यंतच जाते, पुढे बस. त्यातही वाटेवरच्या प्रिटी रॉक्स या ठिकाणी डोंगरउतार सरकायला लागल्यामुळे ऑगस्ट 2021 पासून रस्ता अर्ध्यावर बंद झाला आणि बस 43 व्या मैलावरून परत फिरू लागल्या. निघण्याआधी ताजी स्थिती पार्कच्या साइटवर पाहून घ्या. आणि शिखर म्हणाल तर 20,310 फुटांचा तो पर्वत ढगांत इतका दडलेला असतो की आलेल्या तिघांतल्या एखाद्यालाच दिसतो. जाऊ नका असं नाही. पण सगळ्या हनीमूनचा भार त्याच्यावर टाकू नका.

तुमच्यासारख्या जोडीला मी रँगल-सेंट इलायसला पाठवते. हे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान, अख्ख्या स्वित्झर्लंडहून मोठं, आणि तरी गर्दी नाही. चिटिना गावापासून 60 मैलांचा खडीचा रस्ता नदीपाशी संपतो, तिथून पायपुलाने पलीकडे मॅकार्थी गाव, आणि त्यापुढे केनेकॉट ही 1938 मध्ये बंद पडलेली तांब्याची खाण. डोंगराला टेकलेली तिची खनिज दळायची लाल लाकडी गिरणी अजून उभी आहे. रात्री झोपायला खरा पलंग मिळतो, आणि सकाळी वाटाड्याबरोबर पायाला क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे धातूचे काटे) बांधून रूट ग्लेशियर या हिमनदीच्या निळ्या बर्फावर चालता येतं. तुमची हौस भागते, तिची झोप होते. भाड्याच्या गाड्यांपैकी अनेकांच्या करारात खडीच्या रस्त्याला मनाई असते. सही करण्याआधी ते कलम वाचा, नाहीतर व्हॅन किंवा लहान विमानाने जा.

माणूस न दिसणारी जागा हवी असेल तर वनखात्याच्या केबिन आहेत, टाँगस आणि चुगाच या दोन राष्ट्रीय वनांत. काही तर अशा तळ्यांच्या काठी आहेत की फ्लोटप्लेननेच, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानानेच पोचता येतं. आत झोपायला लाकडी बाकं (गादी नाही, आपली न्यायची), एक शेगडी, एक टेबल, आणि आधी राहून गेलेल्यांनी लिहिलेली वही. वीज नाही, नळ नाही. पाणी तळ्यातून आणून उकळायचं. वही मात्र जरूर वाचा. उंदीर कुठून आत येतो यापासून मासे कुठे लागतात इथपर्यंत सगळं त्यात सापडतं. बुकिंग साधारण सहा महिने आधी सुरू होतं आणि चांगल्या तारखा पटकन जातात. पहिल्यांदा जाताय तर दोन किंवा तीन रात्री, त्याहून जास्त नको.

या लहान विमानाचं भाडं बहुतेक वेळा माणशी नसून फेरीचं असतं, त्यामुळे दोघंच गेलात तरी पूर्ण विमानाचे डॉलर मोजावे लागतात. सहलीतला सगळ्यात मोठा खर्च इथेच होतो, तेव्हा हॉटेलांआधी हा आकडा विचारून घ्या. कडक सुटकेस चालत नाही, मऊ बॅगा आणा. चढण्याआधी सामान काट्यावर जातं, आणि तुमचंही वजन विचारतात किंवा सरळ काट्यावर उभं करतात. नव्या नवरीला चारचौघांत वजनकाट्यावर उभं करणारा हनीमून दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. तिला आधीच सांगून ठेवा.

धुकं उतरलं की पायलट येत नाही. यायलाही नको. म्हणून दोन दिवसांचं जास्तीचं खाणं जवळ ठेवा आणि केबिनमधून परतायच्या दिवशीच घरचं विमान पकडायचं असं कधीही ठरवू नका. मध्ये किमान दोन दिवस कोरे सोडा. हवा चांगली निघाली तर त्या दिवसांत सुअर्ड बंदरातून बोटीने केनाई फ्योर्ड्स राष्ट्रीय उद्यानात जा, देवमासे आणि समुद्रात कोसळणारा बर्फ दोन्ही दिसू शकतात. मोबाइलला रेंज नसतेच, तेव्हा सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं छोटं यंत्र) भाड्याने घ्या आणि संदेश पाठवून बघायची सवय दोघांनीही करा. एकालाच येत असेल आणि नेमका त्याचाच पाय मुरगळला, तर काय उपयोग?

अस्वलांबद्दल थोडक्यात. बेअर स्प्रे (अंगावर येणाऱ्या अस्वलाला रोखायचा तिखट फवारा) प्रवासी विमानात हातातही नेता येत नाही आणि चेक-इन सामानातही नाही. इथे पोचल्यावर घ्या, फ्लोटप्लेनवाल्याला आधी सांगा, आणि चालताना पिशवीत न ठेवता कमरेला लावा. चालताना आवाज करत राहा. गा, गप्पा मारा, भांडत चाललात तरी चालेल, अस्वलाला चाहूल लागल्याशी मतलब. धबधब्यावर मासे पकडणारी अस्वलं पाहायची असतील तर कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातला ब्रुक्स कॅम्प, पण तिथला मोसम म्हणजे मुख्यतः जुलै आणि नंतर सप्टेंबर. जूनच्या मध्यावर तिथे एवढा खर्च करून जाऊ नका.

तारखा खरोखरच हलवता येत नसतील तर जूनमध्येही सहल छान होईल. फक्त ध्रुवीय प्रकाश यादीतून काढा, झोपेसाठी डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या आणि डोक्यावरून घ्यायच्या डासांच्या जाळ्या दोघांसाठी आणा, आणि केबिन दाट झाडीतली न घेता वारं लागेल अशा उघड्या काठावरची निवडा.