ऑफिसातल्या लॅनवरच्या सर्व्हरला खरं एसएसएल सर्टिफिकेट मिळतं का?

तुमचं हजेरीचं अ‍ॅप १९२.१६८.१.१० वर आहे, ब्राउझर रोज ‘सुरक्षित नाही’ असा इशारा देतो आणि पैसे भरून एसएसएल सर्टिफिकेट (सर्व्हर खरा आहे याचा ब्राउझरला पटणारा दाखला) घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. घेऊ नका, मिळणारच नाही. हाच पत्ता असंख्य घरांत आणि ऑफिसांत वापरात आहे. तो तुमचाच आहे हे कोण सिद्ध करणार? म्हणून अशा खाजगी आयपीला, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कपुरत्या पत्त्याला, सार्वजनिक सर्टिफिकेट द्यायची कुठल्याच संस्थेला मुभा नाही.

पण डोमेनच्या नावाला मिळतं! एक स्वस्त डोमेन घ्या आणि त्याच्या सबडोमेनचा ए रेकॉर्ड (नावाचा आयपी सांगणारी डीएनएसमधली नोंद) थेट १९२.१६८.१.१० वर वळवा. मग लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून डीएनएस-०१ पद्धतीनं सर्टिफिकेट मागा, फुकट मिळतं. यात ते तुमच्या सर्व्हरपर्यंत येतच नाहीत. डीएनएसमध्ये त्यांनी सांगितलेला टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) दिसला की त्यांना पुरतं. राउटरचं ८० नंबरचं पोर्ट उघडायचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका. मी पहिल्यांदा तेच केलं होतं, आणि काही कारण नसताना आतला सर्व्हर जगासमोर उघडा पडला.

दोन अडचणी येतात. काही राउटर खाजगी आयपी असलेलं डीएनएसचं उत्तर गाळून टाकतात, तिथे त्या डोमेनला सूट द्यावी लागते. आणि सर्टिफिकेटवरचं नाव सार्वजनिक नोंदींत कायमचं जातं. आतली नावं लपवायची असतील तर वाइल्डकार्ड (सगळ्या सबडोमेनना चालणारं एकच सर्टिफिकेट) घ्या, २०१८ पासून तेही मिळतं.

एमकेसर्टबद्दल, म्हणजे स्वतःच सर्टिफिकेट बनवायच्या टूलबद्दलही विचारलंत. स्वतःच्या लॅपटॉपवर डेव्हलपमेंटसाठी ते उत्तम, मी रोज वापरतो. पण सगळ्यांच्या फोनवर त्याचं रूट (ज्याच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेटं मानली जातात ते मूळ सर्टिफिकेट) बसवत फिरू नका. आयफोनमध्ये ते सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळं चालू करावं लागतं, आणि अँड्रॉइड ७ पासून बहुतेक अ‍ॅप असं रूट मानतच नाहीत. शिवाय त्या रूटची की ज्याच्या हाती लागेल, तो त्या फोनवर तुमच्या बँकेच्या नावाचंही खोटं सर्टिफिकेट खपवू शकतो. ती कीची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर तर कधीच पाठवू नका.

लेट्स एन्क्रिप्टच्या सर्टिफिकेटची नव्वद दिवसांची मुदत सर्टबॉट हा प्रोग्रॅम आपोआप रिन्यू करून सांभाळतो, फक्त त्याला दिलेलं डीएनएसचं एपीआय टोकन (नोंदी बदलायची परवानगी देणारी किल्ली) त्याच डोमेनपुरतं मर्यादित ठेवा. आणि रिन्यू झाल्यावर एनजिनएक्स (तुमचा वेब सर्व्हर तो असेल तर) रीलोड होईल असा हुक, म्हणजे आपोआप चालणारी कमांड, लावा, नाहीतर नवं सर्टिफिकेट डिस्कवर पडून राहतं आणि ब्राउझरला जुनंच मिळत राहतं.