चायनीजमधलं 'छंग-तान' डोक्यात बसत नाहीये. जबाबदारीसाठी 'फू-च' आहे ना, मग हे कशाला? असं एकाने विचारलंय.

मला हा शब्द चांगलाच महागात पडलाय म्हणून सांगतो. एका छोट्या कंपनीत होतो, चीनमधल्या तोंगक्वानहून पार्ट मागवायचो. एका लॉटमधले पीस वाकून आले, चूक पॅकिंगची की वाहतुकीची ते ठरायचं होतं, आणि सप्लायरकडची बाई वीचॅटवर विचारतेय आता काय करायचं, तर मी भारी चायनीज दाखवायच्या नादात टाइप केलं की आम्ही छंग-तान करतो. मला म्हणायचं होतं 'बघतो आम्ही'. तिने थँक्यू म्हणून नवीन पीसचं बिल पाठवलं की हो!

तर फरक हाच. फू-च म्हणजे 'हे काम माझ्याकडे आहे, मी बघतो', रोजच्या बोलण्यातला शब्द, जुन्या एचएसके ४ (चायनीज भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी) मधे येतो. छंग-तान जुन्या एचएसके ५ चा, जरा कागदी, आणि अर्थ 'अंगावर घेणे'. खर्च, नुकसान, परिणाम, धोका, सगळं अंगावर घेता येतं तसंच तिकडे फेइ-युंग (खर्च), होउ-क्वो (परिणाम), फंग-श्येन (धोका) यांच्याआधी छंग-तान लागतं. च-रन म्हणजे जबाबदारी, ती तर आहेच. पण तांदळाचं पोतं छंग-तान होत नाही हां, ते पाठीवर घ्यायला वेगळं क्रियापद आहे, पेइ. (त्यावरून पेइ हेइ-क्वो, म्हणजे पाठीवर काळी कढई घेणे, दुसऱ्याच्या चुकीचं खापर आपल्यावर येणे. हे मला बिल आलं त्याच आठवड्यात कळलं 😅)

लक्षात ठेवायला मला कावड कामाला आली. तान म्हणजे खांद्यावरून ओझं वाहणं, कावडीच्या दांडीला प्येन-तान म्हणतात त्यात तेच अक्षर, आणि काळजी करणे म्हणजे तान-शिन त्यातही तेच. छंग म्हणजे खालून हात लावून पेलणं. फक्त छंग-शोउशी गल्लत करू नका, ते सोसणं आहे, प्रेशर, दुःख वगैरे. सोसणं नशिबाने येतं, छंग-तान माणूस स्वतः होऊन करतो किंवा करारात त्याच्यावर टाकलेलं असतं.

करारात त्याची ठरलेली जागा पण बघून ठेवा: 'युन-फेइ योउ माइ-फांग छंग-तान', वाहतुकीचं भाडं खरेदीदाराकडे. योउ च्या पुढे ज्याचं नाव त्याचा खिसा. मी अजूनही कुठलाही चायनीज कागद आला की आधी योउ शोधतो.

आणि उच्चाराचं टेन्शन घेऊ नका, फू-च मधला च आपल्या चमच्यातला, हिंदीवाले मित्र त्याच्यावर अडकतात, आपल्याला फुकटात येतो. छंग चढत्या सुरात, तान वरच्या सपाट सुरात. तान खाली आपटलात तर ते ओझं या अर्थाचं नाम होतं, जुन्या मापातलं साधारण ५० किलोचं.