साठ परीक्षणं कोण करणार?

प्रश्न : मॅडम, मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. सेन्सरच्या डेटातल्या चुका ओळखणं हा माझा विषय. बिग डेटाच्या (प्रचंड मोठ्या डेटासाठ्यांच्या) आंतरराष्ट्रीय परिषदेत यावर वर्कशॉप, म्हणजे परिषदेला जोडलेलं छोटं सत्र, घ्यावं असं फार वाटतं. पण मला ओळखतं कोण? आणि पेपरच आले नाहीत तर?

उत्तर : ओळख नसल्यानं प्रस्ताव नाकारला जात नाही, एकटीचा असल्यानं मात्र जातो. वेगवेगळ्या संस्थांतले आणखी दोघं-तिघं सोबत घे. त्यातल्या एकानं तरी आधी वर्कशॉप चालवलेलं असावं. तुझ्या गाइडचं नाव शोभेपुरतं घालू नकोस. निवड समितीला ते लगेच कळतं.

विषय अरुंद ठेव. ‘बिग डेटा आणि आयओटी’ (इंटरनेटला जोडलेली उपकरणं) असं लिहिलंस तर ते मुख्य परिषदेच्या विषयांच्या यादीत आहेच, मग वेगळं वर्कशॉप कशाला? ‘सेन्सर बिघडला की खरंच काही घडलं, हे कसं ओळखायचं?’ हा प्रश्न घेऊन भांडायला माणसं येतील.

आता परीक्षकांचं बोलू, कारण माझे हात तिथेच पोळले. पहिल्या वर्षी प्रस्तावात मी बारा जणांची प्रोग्रॅम कमिटी, म्हणजे पेपर तपासणारे परीक्षक, दाखवली. त्यातल्या पाच जणांना मी विचारलंच नव्हतं, ‘ते नाही कशाला म्हणतील’ या भरवशावर. तिघं नाही म्हणाले. शेवटच्या आठवड्यात नऊ परीक्षणं मी एकटीनं लिहिली, आणि ती चांगली नव्हती. तेव्हा हिशेब आधी मांड : २० पेपर, प्रत्येकाला ३ परीक्षणं, म्हणजे ६०. एका माणसाकडून तीनच्या वर अपेक्षा धरू नकोस. म्हणजे २० जण हवेत, आणि ऐनवेळी गळणारे धरून पंचवीस. प्रत्येकाचा होकार ईमेलवर घे, मगच नाव छाप.

पेपर येण्याचं बरंचसं तारखेवर ठरतं. मुख्य परिषदेचा निकाल लागल्यावर आठ-दहा दिवसांनी तुझी मुदत संपायला हवी. तिथे बहुतेक पेपर नाकारले जातात, आणि त्यातले कितीतरी फक्त अर्धवट असतात, वाईट नसतात. तुझी मुदत निकालाच्या आधीच संपली, तर ते तुझ्याकडे येणार कसे? मुदतीपुढे ‘एओई’ (एनीव्हेअर ऑन अर्थ) लिही, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या १२ तास मागे. पृथ्वीवर कुठेतरी ती तारीख उरली आहे तोवर पेपर चालतो.

पेपर कुठे छापले जाणार, हे पेपर मागवण्याच्या आवाहनातच स्पष्ट कर. आयट्रिपलई बिग डेटा परिषदेत वर्कशॉपचे पेपर प्रोसीडिंग्जमध्ये, म्हणजे परिषदेच्या प्रकाशित पेपरसंग्रहात, जातात; केडीडी या डेटा मायनिंगच्या परिषदेत सहसा जात नाहीत. काहींना छापून हवं असतं, काहींना पुढे जर्नलला द्यायचं असल्यानं नको असतं.

स्वतःचा पेपर द्यायचा असेल तर दे, पण ईझीचेअरवर (पेपर आणि परीक्षणं सांभाळणाऱ्या वेबसाइटवर) हितसंबंध नोंदव आणि निर्णय सहआयोजकावर सोपव. माझ्या मते पहिल्या वर्षी देऊच नये.

अर्धा दिवस माग. चार तासांतून चहाचा अर्धा तास आणि पाहुण्या वक्त्याची ४५ मिनिटं वजा केली की वीस-वीस मिनिटांचे आठ पेपर बसतात. पूर्ण दिवस मागून दुपारी रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलायला लावलेले वक्ते मी पाहिलेत. त्यातली एक मीच होते.