चर्चमधली सेवा आणि फुटबॉल, दोन्ही कसं सांभाळायचं?

तुम्ही विचारलंय की तुम्ही मिस्सेत, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेत, बायबलचं वाचन करता, मुलांना धर्मशिक्षण देता आणि फुटबॉलही खेळता. मॅच नेमक्या रविवारी येतात आणि चर्च कमिटीतले मोठे लोक म्हणतात, दोन्हीतलं एक सोड. तर काय करू?

काही सोडू नका. आणि असं सांगणाऱ्याला विचारा, नेमकं कुठल्या नियमानं?

मी खानापूर भागातला. आमच्याकडं भाताची लावण उरकली की पोरं चिखलात उतरतात, पाऊस थांबायची वाट कोण बघत नाही. मी डिफेन्सला खेळतो, मराठी मिस्सेत वाचन करतो आणि दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या तयारीचा, वर्ग घेतो. हा वर्ग रविवारी मिस्सा सुटल्यावर असायचा. मॅच बेळगावात असली की पोरं मिस्सा झाल्या झाल्या बस गाठायची आणि वर्गात चार मुली उरायच्या. कमिटीतले एक ज्येष्ठ अंकल चारचौघांत मला म्हणाले, "तूच पोरांना नाद लावलायस."

मी फादरांना विचारून वर्ग शनिवारी संध्याकाळी घेतला. प्रॅक्टिस संपली की मैदानाच्या कडेला फणसाखाली. मुलींनाही तीच वेळ सोयीची होती. हॉलमध्ये मान खाली घालून बसणारी पोरं तिथं बोलायला लागली. आमच्या गोलकीपरनं विचारलं, "सर, रेफरीचं लक्ष नसताना मुद्दाम लाथ मारली तर ते कन्फेशनमध्ये सांगायचं काय?" कन्फेशन म्हणजे फादरांपुढं पापाची कबुली. त्या एका प्रश्नावर अख्खा धडा झाला. पाप कशाला म्हणायचं, हेतू म्हणजे काय, ज्याला लागलं त्याची माफी आधी मागायची की नंतर, यावर पोरं अंधार पडेपर्यंत भांडली. पुस्तकातनं वाचून दाखवलं असतं तर एकानंही तोंड उघडलं नसतं.

अंकल एक दिवस तिथं आले. "चिखलात बसून देवाचं वचन शिकवतोस?" मी म्हटलं, "अंकल, प्रभूनं होडीत बसून शिकवलं." ते काही न बोलता गेले. पुढच्या महिन्याच्या वाचकांच्या यादीत माझं नाव नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही. मला विचारलंसुद्धा नाही. ते मला अजून लागतं, म्हणूनच एवढं लिहितोय.

शेवटी फादरांनी मीटिंगमध्ये एकच विचारलं, "यादीत नाव असताना हा कधी आला नाही असं झालंय काय?" झालं नव्हतं. ८ सप्टेंबरच्या मारियेच्या सणाला मी पुन्हा वाचन केलं. दृढीकरणाला बिशप आले, त्यांनी प्रश्न विचारले तेव्हा सगळ्यात आधी हात वर केला तो त्या गोलकीपरनं.

आता नियमाचं. कॅनन म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं कलम. कॅनन १२४७ सांगतो की रविवारी मिस्सेला जायचं, आणि उपासनेला, प्रभूच्या दिवसाच्या आनंदाला किंवा मनाच्या आणि शरीराच्या विश्रांतीला अडथळा आणणारी कामं टाळायची. खेळायचं नाही असं त्यात कुठंही नाही. कॅनन १२४८ प्रमाणं शनिवारी संध्याकाळची मिस्साही चालते. आमच्या धर्मप्रांतात मराठी, कोकणी, कन्नड, इंग्रजी अशा मिस्सा होतात. माझी वाचनाची पाळी नसेल आणि मॅच सकाळची असेल तर मी वेगळ्या वेळेच्या कोकणी मिस्सेला जातो. कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर घेण्याच्या, आधी तासभर उपास असतो, पण पाणी चालतं. केळं वगैरे खायचं ते मिस्सा सुटल्यावर.

त्या अंकलच्या घरात पोप फ्रान्सिस यांचा मोठा फोटो आहे. २०२५ मध्ये वारलेले पोप फ्रान्सिस अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या सान लोरेन्सो या फुटबॉल क्लबचे आयुष्यभर चाहते होते. हा क्लब १९०८ साली निघाला तो फादर लोरेन्सो मासा या सालेशियन (मुलांसाठी काम करणाऱ्या कॅथलिक संघातल्या) धर्मगुरूंच्या आधारानं. पोरं रस्त्यावर ट्रामच्या मधनं खेळायची. फादरांनी त्यांना चर्चचं आवार दिलं आणि अट एकच घातली, रविवारी मिस्सेला यायचं. ते फुटबॉल सोडा म्हणाले नाहीत. पोप जॉन पॉल दुसरेही तरुणपणी गोलकीपर होते. एवढं असताना आमच्याकडं वाचकाच्या ढोपराला खरचटलेलं दिसलं की लोकांच्या कपाळाला आठ्या!

तुम्ही एवढं करा. वाचनाची यादी महिनाभर आधी मागा आणि मॅचच्या तारखा हातात आल्या की त्याच दिवशी दुसऱ्या वाचकाशी पाळी बदलून घ्या. आयत्या वेळी फोन करू नका, तिथंच लोकांना नावं ठेवायला जागा मिळते. पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, मॅच घेऊच नका, मग फायनल का असेना. तुम्ही कम्युनियन वाटत असाल आणि बोट सुजलं असेल तर त्या रविवारी दुसऱ्याला सांगा.

हे सगळं मी कॅथलिक म्हणून लिहिलंय. तुम्ही मेथडिस्ट किंवा दुसऱ्या मंडळीतले असाल तर कॅनन तुम्हाला लागू नाही, पाळकांशी बोला. आणि घरी लहान मूल असेल तर आधी बायकोला विचारा, कारण मिस्सा, वर्ग आणि मॅच मिळून रविवार पुरा जातो. पण यादीतनं नाव काढलं तर गप्प बसू नका. कमिटीकडनं कारण लेखी मागा.