जुन्या दिल्लीत एकच रात्र असेल, तर जेवायला कुठे जावं?

मांसाहारी असाल तर जामा मशिदीजवळचं 'करीम' आणि शाकाहारी असाल तर 'हवेली धरमपुरा' या जुन्या हवेलीतल्या हॉटेलातलं 'लाखोरी' रेस्टॉरंट, ही माझी निवड. दिल्लीत नोकरीला असताना दोन्हीकडे अनेकदा जेवलोय.

करीम 1913 पासून आहे. मशिदीच्या 1 नंबर दरवाजासमोरच्या मटिया महल बाजारात शिरलं की डावी-उजवीकडे न भरकटता 'गली कबाबियां' विचारा. मटण कोरमा आणि खमीरी रोटी (आंबवलेल्या पिठाची) मागवाच. चौघं असाल तर मटण बुर्राही (निखाऱ्यावर भाजलेलं मटण) घ्या. रश्श्यावर तेलाचा तवंग दिसला म्हणून घाबरू नका, कोरमा असाच असतो. निहारी (मंद आचेवर खूप वेळ शिजवलेला मटणाचा रस्सा) मात्र मुळात सकाळचा पदार्थ ('नहार' म्हणजे सकाळ), त्यामुळे ती खायचीच असेल तर सकाळी लवकर जा. करीममध्ये जागा नसेल तर जवळच 'अल जवाहर' आहे, तिथेही निराश होणार नाही.

लाखोरीत शाकाहारी जेवण चांगलं मिळतं. जुनी हवेली इतक्या मायेने दुरुस्त केलीय की निव्वळ तो चौक बघायलाही जावं. मात्र हे ठिकाण महागडं आहे, आणि टेबल आधी राखून ठेवलेलं बरं.

एकच अट: रमजानमध्ये जाणार असाल तर इफ्तारनंतर (संध्याकाळी रोजा सोडल्यावर) मटिया महलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. वातावरण विलक्षण असतं, पण लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर तो महिना टाळा. गाडी नेऊ नका, मेट्रोचं 'जामा मस्जिद' स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ आहे.