ओझं स्तनांचं की ब्राचं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ३४, एक मूल आहे. मान आणि खांदे सतत भरून आलेले असतात, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खोबणी पडल्या आहेत, आणि स्तनांखालच्या घडीत खाज-पुरळ जाऊन जाऊन परत येतं. मानेच्या एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. स्तन लहान करून घ्यावेत असं मनात आहे, पण घरचे म्हणतात, ‘हे नटण्यामुरडण्याचं ऑपरेशन आहे.’ दुसऱ्या मुलाचा विचारही अजून सोडलेला नाही. काय करावं?

उत्तर : खोबणी, पुरळ आणि मानदुखी यांना नटणं-मुरडणं म्हणत नाहीत. घरच्यांना तेवढं सांगून टाका आणि पुढे चला.

आधी पाच मिनिटांची एक तपासणी घरीच करा. रोजची ब्रा घालून आरशासमोर उभ्या राहा आणि दोन्ही खांद्यांवरचे पट्टे खाली सरकवा. कप लगेच खाली ओघळले, तर छातीभोवतीचा पट्टा सैल आहे आणि सगळं ओझं खांदे वाहताहेत. खरं तर वजनाचा मोठा वाटा त्या आडव्या पट्ट्याने पेलायचा असतो. मग वळून पाठ पाहा : पट्टा कमानीसारखा वर चढला असेल तर निदान पुन्हा तेच. अनेकजणी सैल पट्टा आणि लहान कप वापरतात. पट्टा एक माप कमी आणि कप एक-दोन मापं मोठा घेऊन पाहा. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. सोबत पाठीच्या वरच्या भागाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून दोन-तीन महिने नेटाने करा. एवढं करूनही दुखणं तसंच राहिलं, तर शस्त्रक्रियेचा विचार पक्क्या पायावर उभा आहे असं समजा. काय करून पाहिलं, पुरळ कितीदा आलं, कोणतं मलम लावलं हे तारखांसह लिहून ठेवा. विमा कंपनीला आणि सर्जनला दोघांनाही ते लागतं.

आता दुसऱ्या मुलाचा मुद्दा. येत्या एक-दोन वर्षांत गरोदर राहण्याचा बेत असेल, तर थांबलेलं बरं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना स्तन पुन्हा वाढतात, नंतर ओघळतात, आणि केलेल्या कामावर पाणी पडतं. अंगावर पाजणं बंद केल्यावरही साधारण सहा महिने जाऊ द्यावेत. थांबायचं नसेल तर सर्जनला थेट विचारा : ‘स्तनाग्राखालच्या दूधग्रंथी आणि नलिका जोडलेल्या ठेवणार का?’ त्या जोडलेल्या राहिल्या तर पुढे काही प्रमाणात तरी दूध येण्याची शक्यता असते. पुरेसं येईल याची हमी मात्र कुणीच देऊ शकत नाही.

स्तनाग्र कापून काढतात आणि वर नेऊन चिकटवतात, असा समज सर्रास आढळतो. बहुतेक शस्त्रक्रियांत तसं होत नाही. रक्तवाहिन्या आणि नसा असलेल्या ऊतींच्या एका देठावर स्तनाग्र जोडलेलंच राहतं, आणि देठासकट वर सरकवलं जातं. सुटं करून कलम करण्याची वेळ फार मोठ्या स्तनांत किंवा रक्तपुरवठ्याचा धोका असेल तेव्हाच येते. तसं केलं तर अंगावर पाजता येत नाही आणि तिथली संवेदनाही बहुतांशी जाते.

खूप मोठ्या स्तनांसाठी छेद नांगराच्या आकाराचा घेतात, जहाजाच्या नांगराच्या : स्तनाग्राभोवती गोल, तिथून सरळ खाली, आणि घडीत आडवा. उभी आणि आडवी रेघ जिथे मिळते तो कोपरा सगळ्यात नाजूक, कारण तिथे ताण जास्त आणि रक्त कमी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथेच जखम थोडी उघडू शकते. दिसायला भीतिदायक असलं तरी लहान जखम बहुधा ड्रेसिंगनेच काही आठवड्यांत भरते. व्रण वर्ष-दीड वर्षात फिके पडतात, पुसले जात नाहीत. अंगावर आधीचे व्रण जाड, उंचावलेले होत असतील तर पहिल्याच भेटीत दाखवा.

प्रश्न : वय ५२, मधुमेह आहे, दिवसाला चार-पाच सिगरेटी होतात. माझ्यासाठी हे धोक्याचं आहे का?

उत्तर : सिगरेट चालू असेपर्यंत, हो. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि वर सांगितलेला तो देठ जगतो त्याच वाहिन्यांवर. रक्त पोचलं नाही तर स्तनाग्राचा भाग काळा पडून गळू शकतो. शस्त्रक्रियेच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. निकोटीनचा पॅच आणि च्युइंगगमही यात आले, ही पळवाट चालत नाही. काही सर्जन लघवी तपासून खात्री करतात, आणि ते योग्यच आहे.

एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८ टक्क्यांच्या वर असेल तर बरेच सर्जन तारीख पुढे ढकलतात, कारण जखम चिघळते. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, आधी करून घ्या. काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवणार ना, हेही विचारून ठेवा. शस्त्रक्रियेनंतर मेलेल्या चरबीत चुन्याचे कण साठू शकतात आणि पुढच्या मॅमोग्राममध्ये गोंधळ उडवतात, म्हणून जुन्या फिल्म सोबत न्यायच्या आणि शस्त्रक्रिया झाल्याचं सांगायचं.

प्रश्न : मुलगी १६ वर्षांची आहे. खेळताना तिला लाज वाटते, ती शस्त्रक्रियेचा हट्ट धरते.

उत्तर : माप किमान वर्षभर स्थिर राहिल्याशिवाय घाई नको. वाढ चालू असताना केलं तर पुन्हा करायची पाळी येते. तोवर घट्ट आधार देणारी, मापाने घेतलेली स्पोर्ट्‌स ब्रा द्या. काही महिन्यांतच स्तन भराभर वाढले असतील तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा. आणि लाजेची टिंगल घरात कुणी करत असेल तर ती आधी बंद करा.

प्रश्न : किती दिवस घरी राहावं लागतं? आणि ‘सी कप करून द्या’ असं सांगता येतं का?

उत्तर : शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन, दोन ते चार तासांची. बसून करायचं काम एक-दोन आठवड्यांनी. दोन-तीन किलोपेक्षा जड काही उचलणं चार ते सहा आठवडे नाही, कडेवर मूल घेणंही त्यात आलं. तारेशिवायची, पुढून उघडणारी ब्रा तेवढेच दिवस, रात्रीही. पहिल्या दिवशी एकच बाजू अचानक टणक होऊन फुगली, तर आत रक्त साठलंय असं समजून लगेच रुग्णालय गाठा. स्तनाग्र निळं-काळं पडणं, ताप, पोटरी सुजून दुखणं, श्वास अडकणं, यासाठीही सकाळची वाट पाहू नका.

कपाचं म्हणाल तर सर्जन काढायचा भाग ग्रॅममध्ये मोजतात. ३२चा सी आणि ३८चा सी यांत मावणारं आकारमान सारखं नसतं, शिवाय कंपनीगणिक मापं बदलतात. ‘साधारण एवढं हवं’ आणि ‘याहून लहान नको’ असे दोन फोटो घेऊन जा. सूज उतरून आकार स्थिरावायला सहा महिने ते वर्ष लागतं, तोवर महागाच्या ब्रा घेऊ नका.